दोन बस एकदमच का येतात?

आधी बराच वेळ एकही बस आली नाही, आणि मग एकदम दोन आल्या.

विणकर चौकाच्या थांब्यावर उभ्या असलेल्या अंबिकाने दोन्ही बसचे नंबर वाचले. दोन्ही चार नंबरच्याच. पुढची बस इतकी ठासून भरली होती, की दारातल्या माणसांना हात हलवायलाही जागा नव्हती. तिच्या शेपटीला धरून आल्यासारखी मागची बस मात्र जवळजवळ रिकामी. तिच्यात एक काका समोरच्या आसनावर पाय टाकून खुशाल पेंगत होते.

अंबिका आपल्या मैत्रिणीची, सना बागवानची, वाट बघत होती. सना पुढच्या बसमधून कशीबशी बाहेर पडली. तिची वेणी सुटली होती आणि एका चपलेचा अंगठा तुटला होता.

"सराव सुरू झाला?" तिने विचारलं.

"कधीच. बाईंनी तुझं नाव दोनदा पुकारलं."

दोघी मैदानाकडे पळाल्या. खो-खोच्या बाई रागावल्या नाहीत, पण जे म्हणाल्या ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "सना, तुझ्यासारखी पळणारी मुलगी आपल्या संघात दुसरी नाही. पण रोज अर्धा सराव झाल्यावर येणार असशील, तर सामन्यात मला तुझ्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागेल."

तुटकी चप्पल बाजूला ठेवून सना अनवाणीच पळायला लागली.

हे सगळं ज्या तेरणापुरात घडलं, ते शहर तुम्हाला आज नकाशात सापडणार नाही. ते अजून वसायचं आहे. तुम्ही मोठे होऊन आई-बाबा झालेले असाल, त्या सुमाराची ही गोष्ट. तेरणापुरात तेव्हा बस विजेवर चालत, चालकाशिवाय चालत, आणि प्रत्येक बसमध्ये एक यंत्रवाहक (तिकीट देणारा यंत्रमानव) असे. त्या महिन्यात शहराने एक प्रयोग सुरू केला होता. महिनाभर कुणीही, कुठूनही, कुठेही बसने जावं. तिकीट नाही.

पहिले काही दिवस सगळ्या गावाला बसचं वेडच लागलं. भाजी घ्यायला एक थांबा जाणारेही बसने जायला लागले. सूतगिरणी वसाहत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तिथली सना आधी फक्त रविवारी, वडिलांच्या सायकलवर डबलसीट सरावाला येत असे. ती आता रोज यायला लागली, आणि संघ एकदम तगडा झाला.

अंबिकाला मात्र एक शंका होती, आणि ती तिने पहिल्याच दिवशी ताताला विचारली होती. अंबिकाचं घर मूळचं तेलुगू विणकरांचं, म्हणून आजोबांना ती ताता म्हणायची. ताता शास्त्रज्ञ होते. त्यांचा विषय होता रांगशास्त्र (माणसं, वाहनं किंवा वस्तू खोळंबतात तेव्हा काय होतं, याचा अभ्यास). ते गमतीने म्हणत, "लोक वाट बघून कंटाळतात. मी त्यावर पोट भरलं."

"ताता, फुकट म्हणजे बसचे पैसे कुणीच देत नाही?"

"आपण कितव्या मजल्यावर राहतो?"

"पाचव्या."

"वर येताना लिफ्टचं तिकीट काढलंस?"

अंबिका हसली. "लिफ्टचं कुठे तिकीट असतं?"

"पण वीज तर लागते. तिचे पैसे सगळ्या इमारतीने मिळून आधीच भरलेले असतात. कुणी किती वेळा वर-खाली गेलं, हे कुणी मोजत बसत नाही. रस्त्यावरच्या दिव्याचं तसंच, बागेचंही तसंच. शहराने आता बसलाही त्यांच्यात बसवून बघायचं ठरवलंय. एवढंच."

ते अंबिकाला पटलं होतं. पण दुसऱ्या आठवड्यापासून बस बिघडल्या. म्हणजे बस धडधाकट होत्या, त्यांच्या वेळा बिघडल्या. बराच वेळ एकही नाही, मग दोन, कधी तर तीन. थांब्याथांब्यावर लोक कुरकुरायला लागले. "फुकट म्हटलं की असंच व्हायचं," असं जो तो म्हणू लागला. महिन्याच्या शेवटी नगरसभा बसून ठरवणार होती, की बस मोफत ठेवायची की पुन्हा तिकीट लावायचं. सगळ्यांचा रोख तिकिटाकडे दिसत होता.

चप्पल तुटली त्या दिवशी सराव संपल्यावर सनाला बसमध्ये बसवून द्यायला अंबिका थांब्यावर आली. चार नंबरच्या बसचा यंत्रवाहक होता भीमण्णा. हे नाव प्रवाशांनी त्याला ठेवलेलं, कारण तो काडीसारखा बारीक होता. त्याच्या छातीवर तिकीट बाहेर येण्याची फट होती. तिच्यावर आता कुणीतरी लहान मुलाने फुलाचं चित्र चिकटवलं होतं.

"भीमण्णा, तुम्ही दोन-दोन बस मिळून का येता?" अंबिकाने विचारलं.

"आम्ही मिळून निघत नाही," भीमण्णा म्हणाला. त्याचं बोलणं नेहमी फार शुद्ध असे. "मी आगारातून अगदी वेळेवर निघतो. माझ्या मागची बसही वेळेवर, योग्य अंतर ठेवून निघते. वाटेत कुठेतरी ते अंतर नाहीसं होतं. ते कुठे जातं, हे मला ज्ञात नाही."

"रस्त्यात गर्दी असते का?"

"नाही. रस्ते उलट मोकळे झाले आहेत. बरेच लोक आपल्या गाड्या घरी ठेवून माझ्याकडे येतात. मला त्याचा आनंद होतो. परंतु मला उशीरही होतो."

अंबिका चक्रावली. रस्ता मोकळा, बस धडधाकट, तिकीट फाडण्याचा वेळही वाचलेला. मग उशीर येतो कुठून?

रविवारी सनाला घेऊन ती ताताकडे गेली. ताता शेंगा सोलत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सांगून कळणार नाही. चला गच्चीवर. जुनी पातेली घ्या, आणि हे सगळे शेंगदाणे."

गच्चीवर त्यांनी पातेली गोलाकार मांडली आणि आपण मधोमध फिरत्या स्टुलावर बसले. "ही पातेली म्हणजे थांबे. शेंगदाणे म्हणजे प्रवासी. मी एकसारख्या गतीने प्रत्येक पातेल्यात दाणे टाकत राहणार, जसे थांब्यावर लोक येत राहतात. तुम्ही दोघी बस. एक इकडून निघा, एक बरोबर समोरून. गोल फिरायचं. पातेल्याशी थांबून त्यातले दाणे एकेक करून उचलायचे आणि ओच्यात टाकायचे. पातेलं रिकामं झालं की पुढे."

खेळ सुरू झाला. ताता स्टुलावर गरगर फिरत दाणे टाकत होते आणि दोघी अंतर राखून झकास फिरत होत्या. एका फेरीत काहीच गडबड झाली नाही. मग अंबिकाच्या नाकावर माशी बसली. तिने हात झटकला, नाक पुसलं आणि पुन्हा दाणे उचलायला लागली. क्षणभराचाच उशीर.

पण पुढच्या पातेल्याशी पोचली तर तिथे नेहमीपेक्षा दोन-तीन दाणे जास्त. ते उचलण्यात आणखी वेळ गेला. त्याच्या पुढच्या पातेल्यात त्याहून जास्त. अंबिका घाईघाईने उचलत होती, तरी दाणे संपत नव्हते. आणि मागून येणाऱ्या सनाला? अंबिकाने पातेलं नुकतंच रिकामं केलेलं, त्यामुळे तिला उचलायला जेमतेम एखादा दाणा. ती भराभर पुढे सरकत आली, आणि थोड्याच वेळात अंबिकाच्या पाठीला येऊन धडकली.

दोघी एका पातेल्यापाशी. एकीचा ओचा गच्च भरलेला, दुसरीचा रिकामा.

अंबिका तशीच उकिडवी बसून राहिली. मग सावकाश म्हणाली, "ही तर चार नंबरची बस झाली."

"झाली ना," ताता स्टुलावरून उतरत म्हणाले. त्यांना थोडी घेरी आली होती. "आता मला सांग, तू आळस केलास? सनाने दांडगाई केली? कुणाचीच चूक नाही. थोडा उशीर झाला म्हणून थांब्यावर जास्त लोक साचले. जास्त लोक साचले म्हणून चढायला जास्त वेळ लागला. त्यामुळे आणखी उशीर, आणि मग आणखी लोक. याला म्हणतात पुनर्भरण (एखाद्या गोष्टीचा परिणाम फिरून तिलाच वाढवतो, तेव्हा जे चक्र तयार होतं ते). तिकीट होतं तेव्हाही हे व्हायचं, पण लोक कमी, म्हणून चक्र हळू फिरायचं. आता लोक वाढले आणि ते जोरात फिरायला लागलं."

"मग लोक म्हणतात ते खरंच की काय? तिकीट लावलं की बस वेळेवर येईल?" सनाने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"येईल कदाचित. पण हा एकच उपाय आहे का? शोधा तुम्ही."

दोघी पातेल्यांकडे बघत बसल्या. शेवटी अंबिका म्हणाली, "ताता, दाणे एकेकच का उचलायचे? मूठभर उचलले तर?"

"माझा नियमच तसा होता."

"पण बसला असा नियम कुठे आहे?" असं म्हणता म्हणता ती थांबली. नियम होता. चार नंबरच्या बसला तीन दारं होती, आणि चढायचं फक्त पुढच्या दाराने, एकेकाने, भीमण्णासमोरून. कारण भीमण्णा तिकीट द्यायचा. आता तिकीट गेलं होतं, पण रांग तशीच राहिली होती.

"सगळी दारं उघडायची," ती म्हणाली.

सना मघापासून स्वतःच्या रिकाम्या ओच्याकडे बघत होती. "आणि मागची बस फार जवळ आली, तर तिने जरा दम खायचा. मी थोडी थांबले असते, तर मलाही दाणे मिळाले असते आणि तुझ्या अंगावर येऊन आदळले नसते."

तातांनी दाणे पुन्हा गोळा करून स्टुलावर बैठक मारली. या वेळी मूठभर उचलायची मुभा होती, आणि फार जवळ आलं की मागचीने एक कडवं गुणगुणत थांबायचं. अंबिकाने मुद्दाम नाक पुसलं, चपलेचा बंद नीट केला, तरी थोड्या वेळाने दोघींमधलं अंतर पुन्हा सारखं झालं. सनाला इतका आनंद झाला, की ती खेळ संपला तरी गुणगुणतच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भीमण्णाला मागची दारं चढणाऱ्यांसाठी उघडायला सांगितलं.

"मागील दारे केवळ उतरण्यासाठी आहेत," भीमण्णा म्हणाला. "नियम परिवहन प्रमुख बिराजदार मॅडम बदलू शकतात. मी बदलू शकत नाही. परंतु त्यांचे कार्यालय माझ्या मार्गावर आहे, हे मी सांगू शकतो."

दोघी पातेल्यांची पिशवी आणि ताताला घेऊन त्या कार्यालयात गेल्या. बिराजदार मॅडमना गेले कित्येक दिवस तक्रारी ऐकून ऐकून कान किटले होते. तरी त्यांनी मुलींना बसायला सांगितलं आणि ताता मागे खुर्चीत बसले आहेत असं पाहून त्यांनाच म्हटलं, "बोला."

"बोलणार त्या आहेत," ताता म्हणाले. "मी फक्त दाणे आणलेत."

मॅडमच्या कार्यालयाबाहेरच्या अंगणात पुन्हा पातेली मांडली गेली. या वेळी बस झाल्या त्या स्वतः मॅडम आणि त्यांचे एक सहायक. सहायकांची खुर्चीत बसून बसून वाकायची सवय गेली होती, त्यामुळे माशीची गरज पडली नाही. तिसऱ्याच पातेल्याला ते मागे पडले आणि मॅडम त्यांना जाऊन भिडल्या. बाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांना हसू आवरेना. मॅडमही हसल्या, पण मग पदर झटकत गंभीर झाल्या.

"खेळ मला कळला. पण बाळ, माझ्यासमोर सोपा उपाय आहे. थोडंसं तिकीट लावलं की लोक कमी होतील आणि बस वेळेवर धावेल. दारं, थांबणं, याची भानगडच नको."

सना पुढे आली. ती मोठ्यांसमोर फारशी बोलत नसे.

"मॅडम, लोक कमी होतील म्हणजे कोण कमी होईल?"

उत्तराची वाट न बघता ती पुढे म्हणाली,

"ज्यांच्याकडे गाडी आहे ते गाडीने जातील. कमी होणारी मी आहे. आमच्या वसाहतीतल्या सगळ्या मुली आहेत. बस वेळेवर येईल, पण आम्ही तिच्यात नसू."

बिराजदार मॅडम खाली पडलेला एक दाणा उचलत म्हणाल्या, "चार नंबरवर करून बघू. महिना संपेपर्यंत. जमलं तर जमलं."

पहिल्या दिवशी जमलं नाही.

तिन्ही दारं उघडली, तरी लोक सवयीने पुढच्याच दाराशी रांग लावून उभे राहिले. मागची दारं उघडायची, कुणी चढायचं नाही, मिटायची. अंबिका आणि सना थांब्यावर उभ्या राहून "मागून चढा, मागून चढा" म्हणत होत्या, पण एवढ्याशा मुलींचं ऐकतो कोण. एक गृहस्थ तर म्हणाले, "मागून चढायला मी काय चोर आहे?"

तेव्हा भीमण्णा खाली उतरला. इतकी वर्षं तो कधी बसमधून खाली उतरला नव्हता. तिकीट द्यायचं काम होतं तेव्हा त्याला जागा सोडता येत नसे. आता त्याचे दोन्ही हात मोकळे होते. तो मधल्या दारापाशी गेला, त्या गृहस्थांसमोर कमरेत वाकला आणि आपल्या शुद्ध भाषेत म्हणाला, "महोदय, हे दार आपल्यासाठीच उघडले आहे. आपण प्रथम आलात, तर या दाराला बरे वाटेल."

लोक हसले. ते गृहस्थही हसले आणि मधल्या दाराने चढले. त्यांच्यामागून आणखी चार जण चढले. भीमण्णाने एका कोथिंबीरवाल्या मावशींची पाटी उचलून आत ठेवली, एका बाळाची गाडी वर घेतली आणि तिसऱ्या दाराकडे वळला. थांबा बघता बघता रिकामा झाला.

त्यानंतर प्रत्येक थांब्यावर तो तेच करू लागला. त्याने ही युक्ती बाकीच्या यंत्रवाहकांनाही कळवली, आणि चार नंबरच्या बस एकमेकींशी बोलायलाही लागल्या. मागची बस पुढचीच्या फार जवळ आली, की पुढच्या थांब्यावर क्षणभर थांबायची. सुरुवातीला आतले लोक वैतागायचे. "का थांबली? चला की." मग बसमधलाच कुणीतरी समजावून सांगायचा, की आत्ता जरा थांबली म्हणून पुढच्या थांब्यावरच्या माणसाला बस वेळेवर मिळेल, आणि उद्या तो माणूस तुम्ही असाल. बिराजदार मॅडम कुणाला न सांगता रोज चार नंबरने कार्यालयात येऊ लागल्या. एकदा अंबिकाने त्यांना शेजारच्या बाईंना पुनर्भरण समजावून सांगताना ऐकलं. उदाहरण शेंगदाण्यांचंच होतं.

सामन्याच्या दिवशी सना सगळ्यांच्या आधी मैदानात हजर होती. ती शेवटपर्यंत बाद झाली नाही. संघ तरीही एका गुणाने हरला, पण बाईंनी पुढच्या वर्षाच्या संघातलं पहिलं नाव त्याच दिवशी जाहीर केलं, आणि ते कुणाचं होतं ते सांगायला नको.

महिना संपला. नगरसभेची बैठक सगळ्यांना बघता येईल अशी मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. बरीच वादावादी झाली. काहींना खर्चाची काळजी होती, आणि ती काळजी खोटी नव्हती. मग मॅडमनी चार नंबरचा अनुभव सांगितला. मतं मोजली गेली तेव्हा अंबिकाने डोळे मिटून घेतले. तिने ते उघडले ते सनाने तिला कवेत घेऊन गरगर फिरवल्यावरच. बस मोफत राहणार होती, आणि सगळ्या मार्गांवर तिन्ही दारं उघडणार होती.

घरी येताना अंबिकाने विचारलं, "ताता, आता लोक आणखी वाढतील. मग पुन्हा चक्र उलटं फिरेल का?"

"वाढतील तर बस वाढवाव्या लागतील," ताता म्हणाले. "बस वाढल्या की थांब्यावर वाट कमी बघावी लागते. वाट कमी बघावी लागली की आणखी लोक बसने येतात. त्यांच्यासाठी आणखी बस. हेही पुनर्भरणच आहे, फक्त आपल्या बाजूने फिरणारं. चक्राला चांगलं-वाईट कळत नाही. ते कोणत्या दिशेने ढकलायचं, हे माणसांनी ठरवायचं."

काही महिन्यांनी खरंच नवा मार्ग सुरू झाला. सूतगिरणी वसाहतीतून निघून सगळं शहर ओलांडून तो थेट नदीच्या धरणापर्यंत जात होता. पहिल्या फेरीला अंबिका, सना आणि सनाची दादी मिळून निघाल्या. दादी दवाखाना आणि बाजार सोडून कित्येक वर्षांत वसाहतीबाहेर पडली नव्हती. तिने ठेवणीतली जांभळी ओढणी घेतली होती. ती मधल्या दाराने चढली आणि खिडकीशी जागा धरून बसली.

भीमण्णाची बदली याच मार्गावर झाली होती. त्याने वाकून विचारलं, "आजी, आपल्याला कुठे उतरायचे आहे?"

"उतरायचं कुठं?" दादी बाहेर बघत म्हणाली. "कुठंच नाही रे बाबा. गाव केवढं मोठं झालंय, ते बघायला निघालेय."

असं उत्तर भीमण्णाला आजवर कुणी दिलं नव्हतं. त्याने हात लांब करून दादीच्या बाजूची काच पूर्ण खाली केली, आणि बस निघाली.